साहेबाचे ओटे आणि सूर्यातील पिवळी रेषा

दर वर्षी ऑगस्टचा पहिला पंधरवडा सरला की एक संदेश न चुकता मोबाइलवर येतो. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्याचे निरीक्षण केले आणि हेलियम हे मूलद्रव्य शोधून काढले. त्यासाठी बांधलेले ‘साहेबाचे ओटे’ आजही किल्ल्यावर उभे आहेत, असा त्याचा आशय असतो. माहिती मोठी चटकदार आहे. विश्वातील विपुलतेत दुसऱ्या क्रमांकाचे मूलद्रव्य, आणि त्याचा जन्मदाखला आपल्या कोकणात! कोणाला ती आवडणार नाही?

मलाही ती आवडली होती. इतकी, की काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील व्याख्यानात मी विजयदुर्गाचे छायाचित्र पडद्यावर दाखवून हीच कथा रंगवून सांगितली. प्रश्नोत्तरांच्या वेळी दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, “मॅडम, आमच्या पुस्तकात लॉकियर यांचे निरीक्षण लंडनहून २० ऑक्टोबरला झाले असे दिले आहे. सुएझ कालवा १८६९ साली उघडला. मग ऑगस्टमध्ये विजयदुर्गावर असलेले लॉकियर दोन महिन्यांत उपकरणांसह लंडनला पोहोचून पुन्हा निरीक्षणाला बसले कसे?” दोन महिन्यांत तो प्रवास अगदीच अशक्य नव्हता, तेव्हा मी तसे काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेल्या व्यक्तीने एका तारखेची साधी पडताळणी न करता शंभर मुलांसमोर ती सांगावी, याची टोचणी मनाला लागली. त्या रात्री वाचायला बसले आणि माझी कथा पानागणिक ढासळत गेली.

ती ढासळली याचे आता वाईट वाटत नाही. कारण त्या ढिगाऱ्याखाली जे सापडले ते मूळ कथेहून कितीतरी समृद्ध होते. या लाडक्या वाक्यात माणूस चुकला आहे, साल चुकले आहे आणि ‘शोध’ हा शब्दही घाईने वापरला गेला आहे. तिन्ही दुरुस्त केले की भारताचा त्यातील वाटा कमी होत नाही. उलट तो नेमका दिसू लागतो.

आधी त्या ग्रहणाचे महत्त्व पाहू. सूर्यप्रकाश लोलकातून पसरवला असता सप्तरंगी पट्ट्यात काळ्या बारीक रेषा दिसतात. जोसेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. पिवळ्या भागातील ‘डी’ ही प्रत्यक्षात एकमेकींना खेटून असलेल्या दोन रेषांची जोडी आहे. त्या रेषा कशाच्या, याचा उलगडा किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये केला. प्रत्येक मूलद्रव्याची स्वतःची ठरावीक रेषांची खूण असते आणि डी ही जोडी सोडियमची आहे. म्हणजे पृथ्वीवर बसून सूर्यातील पदार्थ ओळखण्याची किल्ली माणसाच्या हाती आली होती.

एक कोडे मात्र शिल्लक होते. खग्रास ग्रहणात चंद्राच्या काळ्या तबकडीभोवती ज्या लालसर ज्वाळा दिसतात, त्या कशाच्या बनल्या आहेत? त्या ढगांसारख्या घन-द्रव कणांच्या असतील, तर त्यांचा वर्णपट अखंड दिसेल. तप्त विरळ वायूच्या असतील, तर काळ्या पार्श्वभूमीवर मोजक्या तेजस्वी रेषा दिसतील. उत्तर द्यायला वर्णपटदर्शक तयार होता. हवे होते ते दीर्घ ग्रहण. १८६८ चे ग्रहण तसे होते. त्याची कमाल खग्रास अवस्था पावणेसात मिनिटांहून थोडी अधिक होती आणि तिचा पट्टा एडनवरून येऊन कोकण किनाऱ्यापासून मच्छलीपट्टणपर्यंत भारत ओलांडत पुढे सयामकडे जात होता. सयामचे राजे मोंगकुट यांनी या ग्रहणाचे गणित स्वतः केले होते. ते पाहण्यासाठी ते दलदलीच्या प्रदेशात गेले, तेथे त्यांना हिवताप जडला आणि १ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले.

भारतात त्या दिवशी कोण कोठे होते, ही यादी मन लावून वाचण्यासारखी आहे. आजच्या आंध्र प्रदेशातील गुंटूर येथे फ्रान्सचे पिएर झान्सेन होते. त्याच गावी ब्रिटिश अधिकारी जेम्स टेनंट यांची तुकडी छायाचित्रणाच्या सामग्रीसह उतरली होती. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होते. युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. मच्छलीपट्टण येथे मद्रास वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉगसन होते. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या प्रती मोजताना आपण आज २.५१२ हे जे गुणोत्तर वापरतो, ते यांनीच १८५६ साली सुचवले. मद्रासहून १८६१ साली त्यांनी एक लघुग्रह शोधला आणि त्याला ‘एशिया’ हे नाव दिले.

याच मद्रास वेधशाळेची दुसरी तुकडी निजामाच्या राज्यातील वनपर्ती येथे होती आणि तिचे नेतृत्व एका भारतीयाकडे होते. त्यांचे नाव चिंतामणी रघुनाथाचारी. रूपविकारी तारा शोधल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे, १८७२ साली ते रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्य झाले आणि १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयी सामान्य माणसाला समजावे म्हणून त्यांनी अनेक भारतीय भाषांमध्ये माहितीपुस्तिका सिद्ध केली. आपल्या फिरत्या संदेशात रघुनाथाचारी कधीच नसतात, हे लक्षात घ्यावे.

आणि लॉकियर? ते या यादीत कोठेच नाहीत. ते लंडनमध्ये होते. युद्धखात्यात लेखनिकाची नोकरी करून उरलेल्या वेळात सूर्याचा अभ्यास करणारा हा हौशी माणूस एका अधिक शक्तिशाली वर्णपटदर्शकाची वाट पाहत होता. ग्रहण नसतानाही त्या ज्वाळांच्या रेषा दिसू शकतील, अशी कल्पना त्यांना १८६६ पासून सुचली होती. उपकरण बनवणाऱ्यांकडून मात्र विलंबावर विलंब होत होता. ते उपकरण त्यांच्या हाती पडले ते १८६८ च्या ऑक्टोबरच्या मध्यावर, म्हणजे ग्रहण संपून दोन महिने झाल्यावर.

१८ ऑगस्टला गुंटूर येथे पाच मिनिटांहून अधिक काळ अंधार झाला. झान्सेन यांनी वर्णपटदर्शकाची फट एका उंच ज्वाळेवर रोखली आणि त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. टेनंट, हर्शेल आणि पॉगसन यांनाही तशाच रेषा दिसल्या. ज्वाळा तप्त वायूच्या आहेत, त्यात मुख्यतः हायड्रोजन आहे, हे कोडे एका सकाळीत सुटले. त्या रेषांमध्ये एक पिवळीही होती. बहुतेकांनी ती ओळखीची सोडियमची डी रेषा समजली. पॉगसन यांनी मात्र ती डीच्या जागी किंवा तिच्या निकट आहे, अशी जपून नोंद केली.

झान्सेन यांचे वेगळेपण पुढच्या चोवीस तासांत दिसले. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहणाविनाही त्या दिसायला हव्यात, असे त्यांच्या मनाने घेतले. यामागचे भौतिकशास्त्र साधे आणि सुंदर आहे. दिवसा सूर्याच्या कडेच्या ज्वाळा दिसत नाहीत, कारण आकाशाचा लखलखाट त्यांना गिळून टाकतो. पण आकाशाच्या प्रकाशात सर्व रंग असतात. तो लोलकांतून जितका जास्त पसरवावा, तितका प्रत्येक रंगाच्या वाट्याला येणारा प्रकाश क्षीण होतो. ज्वाळेचा प्रकाश मात्र चार-दोन रेषांतच साठलेला असतो. तो पसरत नाही, त्या रेषा फक्त एकमेकींपासून दूर सरकतात. म्हणजे पार्श्वभूमी मंदावते आणि रेषा टिकून राहतात. १९ ऑगस्टच्या सकाळी झान्सेन यांनी हे करून पाहिले आणि भर उन्हात, ग्रहण नसताना, त्यांना सूर्याच्या ज्वाळा दिसल्या. त्यापुढचे दिवस ते रोज ग्रहण पाहिल्यासारखे निरीक्षण करीत राहिले.

२० ऑक्टोबर रोजी लॉकियर यांनी लंडनमध्ये, स्वतंत्रपणे, तेच साधले. दोघांची निवेदने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबर या एकाच दिवशी काही मिनिटांच्या अंतराने आली. श्रेयाचा वाद न घालता फ्रान्सने १८७२ साली एक पदक काढले आणि त्यावर दोघांचे चेहरे शेजारी-शेजारी कोरले. ते पदक ग्रहणाविना सौरज्वाळा पाहण्याच्या पद्धतीसाठी होते, हे येथे ध्यानात ठेवायला हवे. दोघांनी ती पद्धत साधली तेव्हा हेलियम हे नावच जन्माला आले नव्हते.

झान्सेन यांच्याविषयी एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८७० च्या डिसेंबरात पॅरिसला प्रशियाच्या सैन्याचा वेढा पडला असताना हे गृहस्थ उपकरणे घेऊन बलूनमध्ये बसले आणि शत्रूच्या डोक्यावरून निसटून अल्जीरियात ग्रहण पाहायला गेले. तेथे पोहोचल्यावर आकाश ढगाळ निघाले. पुढच्याच वर्षी, १८७१ च्या ग्रहणासाठी, ते पुन्हा भारतात आले. त्याच ग्रहणासाठी लॉकियरही प्रथमच भारतात आले; पण तेव्हा त्यांचा तळ विजयदुर्गावर नव्हे, तर आजच्या केरळातील बेकल किल्ल्यावर होता.

आता त्या पिवळ्या रेषेकडे वळू. आपल्या नव्या उपकरणाने लॉकियर यांनी तिचे स्थान नीट पाहिले तेव्हा ती सोडियमच्या जोडीशी जुळेना. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर आहेत. ही रेषा ५८७.६ वर होती. अंतर दीड नॅनोमीटरहूनही कमी, पण वर्णपटाच्या जगात तेवढे अंतर म्हणजे दुसऱ्याचे घर. डी-१ आणि डी-२ यांच्या पुढची म्हणून तिला डी-३ म्हटले गेले. हायड्रोजनच वेगळ्या तापमानाला किंवा दाबाला ही रेषा देत असेल काय, हे लॉकियर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत तपासून पाहिले. रेषा काही निघाली नाही. मग सूर्याच्या ग्रीक नावावरून, हेलिओसवरून, या अज्ञात पदार्थासाठी ‘हेलियम’ हा शब्द आला. तो जाहीर झाला १८७१ साली, ब्रिटिश असोसिएशनच्या एडिनबरा येथील अधिवेशनात विल्यम थॉमसन यांनी केलेल्या अध्यक्षीय भाषणात. शेवटचा ‘-इयम’ हा प्रत्यय धातूंच्या नावांना शोभणारा आहे. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन या त्याच्या भावंडांपेक्षा हेलियमचे नाव वेगळे का, याचे उत्तर त्यातच दडले आहे.

सूर्याच्या वर्णपटात शेकडो काळ्या रेषा असताना ही रेषा आधी कोणाला का दिसली नाही? सोडियमच्या अणूला डी रेषा देण्यासाठी सुमारे दोन इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते. हेलियमच्या अणूला डी-३ रेषा देण्याच्या स्थितीत आणायला सुमारे तेवीस इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान जेमतेम ५८०० केल्विन. तेथे हेलियम भरपूर असूनही मुका राहतो. वरच्या थरांत आणि ज्वाळांमध्ये, अतिनील व क्ष-किरणांच्या माऱ्यात, तो बोलू लागतो. म्हणून त्याचा आवाज ऐकण्यासाठी सूर्याची तबकडी झाकावी लागली.

पण एका रेषेवरून नवे मूलद्रव्य मान्य करावे काय? अनेक रसायनशास्त्रज्ञांनी संशय धरला, आणि त्यांचा संशय निव्वळ हट्ट नव्हता. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या किरीटात, म्हणजे करोनामध्ये, ५३०.३ नॅनोमीटरची एक हिरवी रेषा सापडली. तीही कोणत्याच ज्ञात पदार्थाशी जुळेना, म्हणून ‘करोनियम’ हे मूलद्रव्य कल्पिले गेले. तेजोमेघांतील अनोळखी रेषांसाठी ‘नेब्युलियम’ आले. पुढे १९२७ साली नेब्युलियम म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन निघाला, आणि १९४० च्या सुमारास करोनियम म्हणजे तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोह असल्याचे सिद्ध झाले. तीन नवी मूलद्रव्ये, तिन्हींचा पुरावा तोच, आणि त्यातले एकच खरे. १८६८ सालीच हेलियम ‘शोधला’ असे म्हणताना आपण नंतर कळलेले उत्तर आधीच्या माणसांच्या तोंडी घालत असतो.

खरे उत्तर मिळायला सत्तावीस वर्षे लागली. १८९५ च्या मार्चमध्ये लंडनचे विल्यम रॅमसे क्लीव्हाइट या युरेनियमयुक्त खनिजातून निघणाऱ्या वायूत आर्गॉन शोधत होते. वर्णपटात एक पिवळी रेषा दिसली, आणि ती सोडियमच्या जागी नव्हती. विल्यम क्रुक्स यांच्या मापनाने ती डी-३ असल्याचे पक्के झाले. त्याच सुमारास उप्साला येथे क्लेव्ह आणि लांग्लेट यांनीही तो वायू वेगळा करून त्याचा अणुभार काढला. सूर्यात ऐकू आलेला अनोळखी सूर जमिनीतल्या दगडातून निघाला होता. तो दगडात का होता, हे कळायला आणखी काही वर्षे जावी लागली. युरेनियमच्या किरणोत्सर्गातून निघणारे अल्फा कण म्हणजे हेलियमचीच अणुकेंद्रके आहेत, हे रदरफर्ड यांनी दाखवून दिले. फुग्यात भरला जाणारा हेलियम असा भूगर्भात किरणोत्सर्गातून तयार झालेला असतो. आपल्याकडे पश्चिम बंगालमधील बक्रेश्वर येथील उष्ण झऱ्यांच्या वायूतही तो सापडतो. तरी एमआरआय यंत्रे आणि प्रयोगशाळांची आपली गरज आजही मुख्यतः आयातीवरच भागते.

मग विजयदुर्गावर काहीच घडले नाही काय? घडले, आणि लॉकियर तेथे खरोखरच आले होते. फक्त साल १८६८ नव्हते. २२ जानेवारी १८९८ रोजी पुन्हा एक खग्रास ग्रहण महाराष्ट्रावरून गेले. तोवर लॉकियर ‘सर’ झाले होते, ‘नेचर’ या नियतकालिकाचे संस्थापक-संपादक म्हणून जगभर ओळखले जात होते आणि त्यांचा हेलियम तीन वर्षांपूर्वीच सिद्ध झाला होता. विजयदुर्ग येथे त्यांनी मोठा तळ टाकला. मेल्पोमिनी या ब्रिटिश युद्धनौकेवरील नाविकांना निरीक्षणाचे शिक्षण देऊन मदतीला घेतले आणि वर्णपटाची छायाचित्रे टिपली. जड दुर्बिणी आणि कॅमेरे हलू नयेत म्हणून पक्के चौथरे लागतात. तेव्हा ‘साहेबाचे ओटे’ याच मोहिमेचे असावेत, असे मानणे मला सर्वांत सयुक्तिक वाटते. लोकांच्या आठवणीने माणूस बरोबर ठेवला, किल्ला बरोबर ठेवला, मूलद्रव्यही बरोबर ठेवले; फक्त तीस वर्षांचे अंतर पुसून टाकले.

त्याच १८९८ च्या ग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल आले होते. त्यांच्याबरोबर जेऊरला आणखी एक तळ होता, पुण्याच्या सायन्स कॉलेजातील कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे ते प्रमुख होते. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. पुण्यातील विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपैकी कितींनी हे नाव ऐकले असेल?

ही माझी खरी खंत आहे. चुकीच्या माहितीने होणारी हानी केवळ परीक्षेतील एका गुणाची नसते. ती जागा अडवून बसते. एका साहेबाने एका दिवशी एका किल्ल्यावरून एक मूलद्रव्य शोधले, असे एकदा ठरले की वनपर्तीचे रघुनाथाचारी आणि जेऊरचे नायगमवाला यांना उभे राहायला जागाच उरत नाही. शिवाय विज्ञान असेच चालते, एका झटक्यात, एका माणसाच्या हातून, अशी समजूत मुलांच्या मनात रुजते. सत्तावीस वर्षांचा संशय, चुकलेली करोनियमे, दोन देशांत एकाच वेळी सुचलेली एकच युक्ती, हे सारे वगळले जाते. आणि विज्ञान तर तेच असते.

या इतिहासाचा धागा आजही तुटलेला नाही. पॉगसन आणि रघुनाथाचारी यांची मद्रास वेधशाळा पुढे कोडाईकनालला विस्तारली आणि तिच्याच परंपरेतून बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था उभी राहिली. २ सप्टेंबर २०२३ रोजी झेपावलेल्या आदित्य एल-१ या यानावरील करोनाग्राफ याच संस्थेने बनवला आहे. सूर्याची तबकडी आतूनच झाकून तो कृत्रिम ग्रहण घडवतो. झान्सेन यांनी गुंटूरच्या उन्हात ज्याची सुरुवात केली, तेच काम आता पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटर अंतरावरून चालते. आणि तो ज्या रेषांवर नजर ठेवतो, त्यांत ५३०.३ नॅनोमीटरची ती हिरवी रेषाही आहे, फसलेल्या करोनियमची.

विजयदुर्गावर १८ ऑगस्टला जमणाऱ्यांचा उत्साह मला मोलाचा वाटतो. एका किल्ल्यावर माणसे वर्णपटाविषयी बोलायला एकत्र येतात, हे आपल्याकडे दुर्मीळच. माझी विनंती एवढीच आहे की तेथे २२ जानेवारी हाही दिवस साजरा व्हावा, कारण तो त्या किल्ल्याचा स्वतःचा दिवस आहे. विद्यार्थ्यांनी वहीत लिहायचे असेल तर असे लिहावे: १८६८ च्या ग्रहणात भारतातील अनेक ठिकाणांहून सौरज्वाळांच्या तेजस्वी रेषा दिसल्या, लॉकियर यांनी लंडनहून त्यांतील पिवळ्या रेषेचे वेगळेपण ओळखले, रॅमसे यांनी १८९५ साली तिचा धनी पृथ्वीवर शोधला.

वाक्य लांबले आहे, हे खरे. त्या विद्यार्थिनीला मात्र ते नक्की पसंत पडेल. तिचे नाव विचारायचे त्या दिवशी माझ्याकडून राहून गेले.